सकाळीच दुखणारं पोट

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या मुलीचं पोट दुखायला लागलं. ती तेव्हा चौथीत होती. दुखणं मोठं विचित्र होतं. सकाळी उठली की सुरू व्हायचं, दूध समोर ठेवलं की वाढायचं, आणि शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली की ती दोन्ही हातांनी पोट दाबून बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. रविवारी मात्र काही नाही. रविवारी चहात पाव बुडवून खायची आणि वर अजून मागायची.

"नाटकं आहेत," शेजारची म्हणाली. "एकदा दोन फटके दे, बघ कशी जाते."

मला ते पटत नव्हतं. नाटक करणाऱ्या पोराच्या ओठावर घाम येत नाही. हिच्या वरच्या ओठावर बारीक घाम यायचा, तोंड पांढरं पडायचं. तरी ती जायची. मी दप्तर पाठीला लावलं की निमूट चालायला लागायची आणि व्हॅनमध्ये चढताना मागे वळून बघायची नाही. ते न बघणंच मला दिवसभर शिलाई मशीनवर बसल्यावर आठवत राहायचं.

आम्ही बदलापूर पूर्वेला शिरगावात राहतो. शाळा पश्चिमेला, हेंद्रेपाड्याकडे. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहे, पाळीची नोकरी. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मोठा मुलगा बहिणीच्याच शाळेत, तेव्हा आठवीत होता. त्या दिवाळीत त्याला सायकल घेऊन दिली आणि तो व्हॅन सोडून सायकलने जायला लागला. म्हणजे आमचं घर तसं मार्गी लागलेलं होतं. फक्त सकाळचा तो अर्धा तास सगळ्यांच्या घशात अडकायचा.

डॉक्टरांनी आधी जंतांचं औषध दिलं. मग सोनोग्राफी सांगितली, ती अंबरनाथला जाऊन केली. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "शाळेत काही त्रास आहे का ते जरा गोडीगुलाबीनं विचारा."

आजकाल मुलीचं पोट दुखतं आणि शाळेत जाताना दुखतं म्हटल्यावर आईच्या मनात जे येतं, ते माझ्याही मनात आलं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, नवऱ्यालाही नाही. तिला आंघोळ घालताना, वेणी घालताना, आडून आडून विचारायचे. कुणी ओरडतं का? कुणी मारतं का? कुणी उगीच जवळ येतं का, हात लावतं का? ती मान हलवायची. "नाही गं मम्मी. कुणी नाही." मग मी तिच्या अंगाकडे बघायचे, तिच्या डोळ्यांकडे बघायचे, आणि काही दिसलं नाही याचा आनंदही धड व्हायचा नाही.

शाळेत जाऊन बाईंना भेटले. तरुण बाई होत्या, समजूतदार वाटल्या. म्हणाल्या, "वर्गात छान असते हो. पहिल्या तासाला जरा डोकं टेकून बसते. नंतर नॉर्मल. मला वाटलं झोप पुरत नसेल." मी घरी येऊन तिला लवकर झोपवायला लागले. गणिताची भीती असेल म्हणून रोज पाढे घ्यायला लागले. पोरगी पाढेही म्हणायची, लवकरही झोपायची. पोट दुखायचं ते दुखायचंच.

अशा रडतखडत परीक्षा झाल्या. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "मम्मी, भूक लागली." तिथून पुढे दीड-दोन महिने पोटाचं नाव नाही.

भीमजयंतीला तिने पांढरा ड्रेस घातला, निळी रिबन लावली, विहारात भाषण केलं. अडखळली नाही. माईक उंच होता म्हणून स्टूलवर उभी राहून बोलली. बायका मला म्हणाल्या, "किती धीट आहे तुझी." मी हसले. मनात म्हटलं, मग सकाळी उंबऱ्यावर बसते ती कोण?

मग नणंदेची दोन मुलं अंबरनाथहून राहायला आली. दरवर्षी येतात. नणंद आणि तिचा नवरा दोघंही कामाला जातात, त्यामुळे मे महिन्यात ती पोरं माझ्याकडेच. वन बीएचकेत चार पोरं, बदलापूरचं ते ऊन, दुपारी जाणारी लाईट, आणि आतल्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेला माणूस. आमच्या उन्हाळ्याचा एकच नियम होता, आवाज नाही. पोरांनी त्याचाही खेळ केला होता. कॅरम खेळताना सोंगटी भोकात पडल्याचा आवाज होऊ नये म्हणून खाली तळहात धरायचे. भांडण झालं तर गच्चीच्या जिन्यात जाऊन भांडायचे आणि मिटलं की परत यायचे. एक दिवस सगळी इतकी गप्प होती की नवराच दचकून बाहेर आला.

"अगं, पोरं कुठं गेली?"

चौघं भिंतीला टेकून ओळीने बसली होती, जिभा बाहेर काढून. स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून जांभळं आणली होती, आणि कुणाची जीभ जास्त जांभळी ते आरशात बघणं चाललं होतं. आरसा माझ्या मुलीच्या हातात होता. ती हसून हसून आडवी पडली.

असं सगळं चांगलं चाललं होतं, म्हणूनच मला चैन नव्हतं. बुद्धपौर्णिमेला खीर केली, तिने दोन वाट्या खाल्ल्या. मी वाटीकडे बघून विचार केला, आता जून येईल. तिचे गाल जरा भरले की मला जून दिसायचा. दुसऱ्या बाया सुट्टी संपायची वाट बघतात, खरं तर मीही दर वर्षी बघायचे. त्या वर्षी कॅलेंडरचं पान उलटायलासुद्धा नको वाटायचं.

मे संपत आला तेव्हा मला उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जायचं होतं. लग्नसराईचे ब्लाउज होते, अस्तर आणि हुक संपले होते, शिवाय मुलीच्या गणवेशासाठी कापड घ्यायचं होतं. नणंदेची पोरं परत गेली होती. मुलगी म्हणाली, "मी पण येते." घेतलं बरोबर.

दुपारची गाडी रिकामीच होती. ती खिडकीत बसली, शेंगदाणे खाल्ले, बाहेरच्या पाट्या वाचल्या. उल्हासनगरला उतरून आम्ही शेअर रिक्षा केली. मागे तिघं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कापडाचा गठ्ठा मांडीवर घेतलेला एक भला जाडजूड माणूस, मध्ये ही. चौकात ट्रॅफिक तुंबला होता. रिक्षा दोन हात पुढे जायची, गचकन थांबायची. पुढच्या टेम्पोचा धूर सरळ तोंडावर.

मी अस्तराच्या रंगांचा विचार करत होते. माझी ओढणी खेचली गेली म्हणून खाली बघितलं. तिने ओढणीचं टोक नाकावर गच्च धरलं होतं. तोंड पांढरं. वरच्या ओठावर तोच बारीक घाम.

"पोट दुखतंय?"

तिने मान हलवली. हो.

तिथे शाळा नव्हती. बाई नव्हत्या, गणित नव्हतं.  मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, साईडला घ्या, लवकर." तिला जेमतेम खाली उतरवलं तोवर ती गटाराच्या कडेला वाकली. सगळे शेंगदाणे बाहेर पडले.

माझं नेहमीचं अस्तराचं दुकान तिथून चार पावलांवर होतं. दुकान चालवणारी सिंधी आंटी मला ओळखते, माझ्या आईपासूनचं गिऱ्हाईक. तिने आम्हाला येताना बघितलं, काउंटरमागून स्टूल काढलं, फॅन आमच्याकडे वळवला, पाणी दिलं. मग अर्धं लिंबू आणि काळं मीठ आणून मुलीच्या हातावर ठेवलं.

"चाट थोडा थोडा. गाडी लगती है ना बच्ची को?"

मी म्हटलं, "पता नहीं आंटी."

"पता नहीं क्या, शकल पे लिखा है. मेरी बेटी को कितनी लगती थी. शादी के बाद बिदाई की गाडी में बैठी, तो सब रो रहे हैं, और वो दूल्हे को बोलती है, पहले थैली दो. सासने समझा गहनों की थैली माँगती है."

दुकानातला नोकर हसला. मीही हसले. माझी मुलगी हसली नाही. लिंबू तसंच हातात धरून ती आंटीकडे बघत होती. मग मला हळूच विचारलं, "मम्मी, दुसऱ्यांना पण होतं?"

"काय होतं?"

"असं. गाडीत."

"अगं कितीतरी लोकांना होतं. एसटीत बघ, प्रत्येक खिडकीतून एक डोकं बाहेर असतं."

ती थोडा वेळ लिंबू चाटत राहिली. "मला व्हॅनमध्ये रोज होतं," ती म्हणाली.

आंटी समजूतदार बाई. ती उठली आणि उगीच मागच्या फळीवरचे गठ्ठे नीट करायला लागली. मुलगी खाली बघून बोलायला लागली.

दिवाळीनंतर एकदा तिला व्हॅनमध्ये उलटी झाली होती, एका मुलीच्या दप्तरावर. तेव्हापासून पोरं तिला ओकारी म्हणायची. ओकारी आली, सरका. शेजारी कुणी बसू द्यायचं नाही, म्हणून ती सगळ्यात मागे बसायची; व्हॅन गॅसवर चालायची, त्या सिलिंडरजवळच्या फळीवर. तिथे वास यायचा. तिथे जास्तच व्हायचं. पुन्हा उलटी होऊ नये म्हणून ती सकाळी काही खायची नाही, तोंड मिटून, श्वास धरून शाळेपर्यंत जायची. पहिला तास डोकं टेकून काढायची.

"मग तू मला पोट दुखतं असं का सांगायचीस?"

"ते दुसरं मला बोलायचं नव्हतं."

ओकारी हा शब्द तिला तोंडातून काढायचा नव्हता. आणि आमच्या घरात उलटीला दुसरा शब्द तिने ऐकला नसावा, किंवा तोही तिला त्याच जातीचा वाटला असावा. म्हणून पोट.

"आणि दादा व्हॅनमध्ये होता तेव्हा?"

"तेव्हा दादा मला खिडकीत बसवायचा. त्याच्याकडे थैली असायची."

मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. मी तिथेच, अस्तरांच्या ताग्यांसमोर, ओढणीने डोळे पुसले. माझ्या छातीवरून जे उतरलं ते काय होतं ते त्या दुकानात फक्त मला माहीत होतं. महिनोन्महिने मी जी भीती कुणाजवळ बोलले नव्हते ती खोटी निघाली होती. माझ्या मुलीला कुणी काही केलं नव्हतं. तिला गाडी लागत होती. सगळ्या जगाला लागते तशी. आमच्या लक्षात कसं येणार? सासर अंबरनाथ, माहेर उल्हासनगर, आमची सगळी ये-जा लोकलने. मोटारीत बसायची वेळ येते कधी? लहान असताना एकदा एका लग्नाला जाताना तिने एसटीत उलटी केली होती, पण तो दोष मी आदल्या दिवशी हळदीच्या जेवणात खाल्लेल्या श्रीखंडाला दिला होता.

आंटीने अस्तर मापलं. आम्ही निघताना तिने मुलीला सांगितलं, "स्टेशन तक पैदल जाओ. धूप है, पर हवा तो है." आम्ही चालत गेलो. अर्ध्या वाटेवर मुलगी म्हणाली, "मला भूक लागली." आम्ही भेळ खाल्ली.

घरी आल्यावर मुलाला विचारलं. तो सायकलची चेन पुसत होता. "हो, लागते ना तिला गाडी," तो मान वर न करता म्हणाला. "पहिलीपासून लागते. तुला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. तू आई आहेस."

त्याला ओकारीची गोष्ट सांगितल्यावर मात्र त्याने फडकं खाली ठेवलं. कोण म्हणतं ते बहिणीकडून काढून घ्यायला लागला. मी म्हटलं, मारामारी नको. तो म्हणाला, "मारामारी नाही. फक्त बोलीन." त्यावर मी फारसा विश्वास ठेवला नाही, पण मला बरं वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता. आधी हसला, मग कपाकडे बघत म्हणाला, "मला पण लागायची."

"काय?"

"बस. कंपनीची. म्हणून तर बाईक घेतली."

"तुम्ही तर म्हणालात वेळ वाचतो."

"मग काय सांगणार? बाप्या माणसाला बस लागते म्हणून?"

मुलगी दारातून ऐकत होती. ती आत आली आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसली. बरीच मोठी झाली होती मांडीवर बसायला, पण त्याने कप बाजूला ठेवला आणि तिला बसू दिलं. "पप्पा, तुम्ही थैली ठेवायचात?" "नाही गं, मी रुमाल." दोघांनी मग अगदी दोन जाणत्या माणसांसारख्या या विषयावर गप्पा मारल्या. डिझेलचा वास वाईट की गॅसचा, पुढे बघावं की डोळे मिटावेत. मी भाकऱ्या थापत ऐकत होते.

जूनसाठी विचारायला व्हॅनवाले काका आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. भला माणूस, त्यांना खरंच वाईट वाटलं. "ताई, मी पुढं गाडी चालवतो, मागं काय चालतं ते कळत नाही बघा. मला वाटायचं हिला एकटं बसायला आवडतं. आता मी पुढं माझ्याशेजारी बसवतो तिला." मी आत बघितलं. पडद्यामागून ती जोरजोरात 'नको, नको' अशी मान हलवत होती. मी म्हटलं, "काका, या वर्षी राहू दे. या वर्षी आम्ही चालत जाऊ."

मी बोलून बसले आणि मग विचार करायला लागले. शिरगावातून स्टेशन, स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला, तिथून बाजारातून शाळा. जवळ नाही. पण रिक्षातल्या त्या ओठावरच्या घामापेक्षा जवळच होतं. शाळा उघडायच्या आधी आम्ही दोघी संध्याकाळी जाऊन बघितलं. पहिल्या दिवशी पुलावरच ती दमली आणि मीही दमले. शाळेचं फाटक बंद होतं. तिने गजातून आत बघितलं, रखवालदाराने "काय गं, इतकी घाई?" असं विचारलं, आणि आम्ही बर्फाचा गोळा खाऊन परतलो. पुढच्या खेपांना तिने स्वतःच जवळचा रस्ता शोधला, एका सोसायटीच्या मागून. तिला पुलावरून खाली रुळांकडे बघायला आवडायचं. बाजारातल्या कुठल्या दुकानात मांजर झोपतं ते तिला पाठ झालं. शेवटी शेवटी ती माझा हात सोडून पुढे चालायची आणि मी मागून पिशवी सांभाळत.

तरी शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिच्या आधी कितीतरी वेळ जागी होते. ती उठली. दात घासले. मी पोहे केले होते आणि ताटली पुढे ठेवताना मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, मुद्दाम गॅसकडे बघत होते. पोट हा शब्द येतो का, याची वाट बघत होते. आला तो आवाज चमच्याचा होता. तिने पोहे संपवले.

नवरा तेवढ्यात रात्रपाळीहून आला. डोळे लाल झालेले, तरी म्हणाला, "चल, बाईकवर सोडतो."

"नको पप्पा, तुम्ही झोपा. आम्ही चालत जाणार आहोत," ती म्हणाली. आमच्या घरातली सगळ्यात मोठी बाई असल्यासारखी.

आम्ही फाटकाशी पोचलो आणि नेमकी तेव्हाच व्हॅन आली. पोरं उतरायला लागली. एकाने हिला बघितलं आणि म्हणाला, "ए, ओकारी आली."

माझा हात तिच्या खांद्यावर गेला. मी काहीतरी बोलणार होते. ती माझ्या आधी बोलली.

"मला गाडी लागते," ती म्हणाली, "म्हणून मी चालत येते. माझ्या पप्पांना पण लागते."

अगदी साधं बोलली. तो पोरगा दप्तर ओढत आत गेला. व्हॅनमधून शेवटी एक लहानगी उतरली, नवीन असावी, दुसरीतली वगैरे. केस कपाळाला चिकटलेले. ती तिथेच उभी राहिली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "मला पण."

माझ्या मुलीने तिच्याकडे नीट बघितलं. "दूध पिऊन येतेस का?"

"हो."

"पिऊ नकोस. घरी आल्यावर पी. आणि खिडकीत बस, काकांना सांग. ते चांगले आहेत." मग तिने त्या पोरीचं दप्तर सरळ केलं आणि दोघी आत गेल्या. मला हात करायचं ती विसरली. मी फाटकाशी थोडी थांबले, परत येते का बघायला. आली नाही.

आता ती पाचवी संपवून सहावीत आहे. अजून चालतच जाते, मी पुलापर्यंतच जाते, पुढे तिच्या दोन मैत्रिणी भेटतात. परतीला दादा सायकल हातात धरून तिच्याबरोबर येतो, म्हणजे त्याचे मित्र आजूबाजूला नसले तर.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं तर, फाटकावरून मी निघाले आणि सावकाश घरी आले. वाटेत भाजी घेतली नाही, काही नाही. घरात पंख्याचा आवाज आणि नवऱ्याचं घोरणं. कुणी भांडत नव्हतं, कुणी खायला मागत नव्हतं, पोरांपैकी एकाचाही पाय कशाला अडखळत नव्हता. इतक्या दिवसांनी मिळालेली ती शांतता मला फार गोड लागली, हेही सांगून टाकते. मशीनवर एक ब्लाउज अर्धा होता. मी त्यावर कापड झाकलं आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याशेजारी आडवी झाले. मध्येच दार वाजलं. ज्या बाईचा ब्लाउज होता ती आली होती.

"झोपला होतात की काय?" तिने विचारलं. तिला माझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

"हो," मी म्हटलं. "संध्याकाळी या, तयार असेल." आणि दार लावून परत जाऊन झोपले.